एका माणसाची चार पानं

सहभोजनाची पंगत मांडून झाली आणि उदयला घोळ दिसला. सरस्वतीपुरमात एकट्या राहणाऱ्या अंबूताईंसाठी चार पानं राखली होती. चार पानांवर चार चिठ्ठ्या: नाव, फोन, वय, तिखट.

बायको आणि मुलगी नाशकात, उदय नोकरीपायी म्हैसुरात. दोन वर्षं तो एकटाच जेवत होता आणि त्याला अगदी कंटाळा आला होता. चार माणसांत बसायला मिळेल म्हणून तर त्याने मराठी मंडळाची नावनोंदणी अंगावर घेतली. नोंदणीचा त्याचा प्रोग्राम जावा या संगणकभाषेतला. चिठ्ठ्या छापणारा प्रोग्राम मंडी मोहल्ल्यातल्या शिंप्यांच्या शरतने पायथनमध्ये लिहिलेला.

"अय्यो सर, नऊ घरांचं असंच झालंय!" शरत धावत आला. "सत्तावीस पानं जास्ती. भात वाढला, आणि मोठ्या घरांतली माणसं पानाविना उभीच आहेत!"

उदयने मोबाइलवर पाहिलं आणि कपाळावर हात मारला. घरात माणसं अनेक असली की त्याचा प्रोग्राम त्यांची यादी पाठवायचा. माणूस एकच असला की यादी कशाला, म्हणून त्याची माहिती सुटीच पाठवायचा. शरतचा प्रोग्राम तिलाच यादी समजला आणि एकेक रकाना पाहुणा म्हणून मोजत सुटला.

"टेस्ट नाही केलं, सर?"

"केलं की. माझंच घर घालून."

"मग?"

"तिघांचं घातलं," उदय पुटपुटला. एकट्या माणसाचं घर घालून बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

शरतने उभ्या मंडळींना दिसेल त्या पानावर बसवलं. म्हैसुरात उदयही एकटाच, म्हणून त्याच्याही नावाची चार पानं होती; ती चारही गेली.

"उदय, उभा का रे?" अंबूताईंनी हाक मारली. "बस की फोनच्या जागी. माझा फोन तसाही वाजत नाही."

तो बसला. तिखटजाळ बिसीबेळे भाताने त्याच्या नाकातून पाणी काढलं. अंबूताईंनी हसत त्याच्या पानात दही ओतलं आणि शेवटपर्यंत गप्पा मारल्या.

त्याच संध्याकाळी त्याने प्रोग्राम दुरुस्त केला. पुढच्या महिन्यात अंबूताईंच्या घराच्या नोंदीत दोन नावं आली: अंबूताई, आणि उदय, तिखट कमी. त्याने लगेच त्यांना फोन लावला.

"एकच नाव दिलं की तुझं मशीन घाबरतं, अल्वा? हो ना?" त्या म्हणाल्या. "म्हणून तुला घातलं."

दुरुस्त झालंय, हे उदयच्या अगदी ओठांवर आलं होतं.

"हो ताई," तो म्हणाला. "फार घाबरतं."