कुजक्या गवताचं पाणी

"एक तर हा वास घरात राहील, नाहीतर मी," बायको नाक दाबून म्हणाली.

"वास आहे म्हणून तर काम आहे," डासवाले म्हणाले. इमारतीत सगळे त्यांना ह्याच नावानं ओळखत. डासनिर्मूलन कार्यालयात ते हंगामी मदतनीस होते. केस पिकले तरी हंगामीच. कुजक्या गवताच्या पाण्याचा वास डासांच्या माद्यांना भुलवतो आणि त्या अंडी घालायला तिथंच येतात, एवढं साहेबांना दाखवून दिलं की डासवाले नोकरीत कायम होणार होते. कार्यालयाच्या अंगणात साहेबांची गाडी उभी असे, म्हणून काळ्या बादल्या घरच्या गॅलरीत आल्या. पाण्यात औषध होतं. मादीनं खुशाल अंडी घालावीत, अळ्या जागच्या जागी मरणार.

"पण हे आहे तरी काय?" बायकोनं विचारलं.

"तुला सांगून काय कळणार?" असं म्हणून ते महिनाभराच्या प्रशिक्षणासाठी परगावी निघून गेले.

परतले तेव्हा अख्खी इमारत स्वतःला चापट्या मारत होती. वरच्या मजल्यावरचे आजोबा तापानं फणफणले होते. इमारतीचे सेक्रेटरी दारातच उभे होते.

"डास तुमच्याच गॅलरीतून येतायत!"

"शक्यच नाही. एक अळी जगली असेल तर मिशी उतरवीन."

सेक्रेटरींनी थेट साहेबांनाच बोलावून घेतलं. साहेब बादलीवर वाकले. पाणी अळ्यांनी नुसतं बुजबुजलं होतं. डासवाल्यांचा चेहरा खर्रकन उतरला.

"भाऊ-वहिनी राहायला आले होते," बायको म्हणाली. "वासानं त्यांना घास जाईना. दिलं सगळं पाणी मोरीत ओतून. मग वाटलं, हे आल्यावर घर डोक्यावर घेतील. म्हणून मैदानातलं गवत आणून परत कुजवलं. कमी पडलं, तर नासलेलं दूध ओतलं. वास तर अगदी तस्साच आला."

"आणि औषध?" डासवाले किंचाळले.

"औषध असतं, हे मला कुणी सांगितलं होतं?"

डासवाल्यांना रडू फुटायचं बाकी होतं. इतक्या वर्षांची हांजी हांजी मातीत गेली होती, आणि दोष द्यायला समोर स्वतःचीच बायको होती. साहेब मात्र खुशीत दिसत होते.

"आजवर ह्यांनी दाखवलेल्या पाण्याकडे मादी ढुंकूनही बघत नव्हती," ते म्हणाले. "बाई, दूध किती घातलंत?"

"साहेब, वरचे आजोबा आजारी आहेत," सेक्रेटरींनी आठवण करून दिली.

"हो हो, फवारणी करू. बाई, आमच्याकडे जागा एकच आहे, पण कायमची. तुम्ही येता का?"

डासवाल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. लग्न झाल्यापासून बायकोनं त्यांना विचारल्याशिवाय साधा पडदासुद्धा बदलला नव्हता. आता ती आपल्याकडे वळून विचारेल, तेव्हा नकार कसा द्यायचा, ह्याची ते मनात जुळवाजुळव करू लागले.

बायकोनं ओले हात पुसले.

"किती वाजता यायचं?" तिनं साहेबांना विचारलं.