जावयाचा धोंडा

"कार्बोरेटर? त्यात काय मोठंसं! खापरावर मांडा टाकणं त्याहून अवघड!"

कलाबाई हे म्हणाल्या तेव्हा त्यांचे यजमान सुकदेव हातात पिशवी घेऊन दारात उभे होते. बाजारातून विड्याची पानं आणि जावयासाठी टॉवेल-टोपी आणायला निघाले होते. पण बायकोच्या हातातला पान्हा बघून त्यांचे पाय उंबऱ्यालाच चिकटले.

"अगं, जावयाची गाडी आहे ती!"

"म्हणूनच! आपली असती तर तुमच्यावर सोपवली असती."

"कोपऱ्यावर मिस्तरी आहे की."

"मिस्तरीनं गाडी नीट केली तर जावई मिस्तरीचं नाव काढतील. माझं कोण काढणार?"

सुकदेवांनी पिशवी काखेत मारली आणि ते बाजाराला गेले.

अधिकाचा महिना चालू होता. लेक सुषमा आणि जावई हेमराज लग्नानंतरच्या पहिल्याच अधिकाला धोंडे खायला आले होते. धोंडे म्हणजे पुरण भरून उकडलेले कणकेचे गोळे. अधिकात ते जावयाला जेवू घालायचे, असा आपल्याकडचा रिवाज. हेमराज सुरतेजवळच्या सचिन गावातल्या मिलमधली रात्रपाळी करून थेट सासरी आला होता. त्याची मोटारसायकल जुनी, अजून कार्बोरेटरवाली. दारापर्यंत येईस्तोवर ती इतक्यांदा फुरफुरून बंद पडली की गल्लीतली कुत्रीसुद्धा तिच्यावर भुंकायला कंटाळली. "मामी, कार्बोरेटरमध्ये कचरा असेल, उद्या दाखवतो," म्हणत हेमराजनं पोहे खाल्ले आणि आतल्या खोलीत पंख्याखाली आडवा झाला. आता तो असा घोरत होता की भिंतीपलीकडच्या कारखान्यातले लूम त्याच्यापुढे लाजावेत.

पण कलाबाईंचा खरा डोळा जावयावर नव्हता, विहिणीवर होता!

विहीण सरलाबाई राहायला सुरतेतच, भेस्तान भागात. लग्नात जावयाला घातलेली अंगठी हलकी होती, हे त्या बारशाला सांगत, लग्नाला सांगत, एकदा तर तेराव्याच्या पंगतीत सांगितलं. "अंगठी घातलीय हे आमच्या हेमराजच्या बोटाला कळतसुद्धा नाही!" हे वाक्य कलाबाईंच्या काळजात काट्यासारखं रुतून बसलं होतं. म्हणून त्यांनी आईच्या तुटलेल्या पोतीतला एक सोन्याचा मणी काढून ठेवला होता. अधिकात दान गुपचूप द्यावं, गोडात लपवून द्यावं. तो मणी जावयाच्या धोंड्यात घालायचा. जावयाच्या तोंडाला सोनं लागेल आणि विहिणीचं तोंड बंद होईल! आणि वर, जेवून निघताना गाडी पहिल्या किकला चालू झाली, तर मग काय! भेस्तानपर्यंत नाव निघेल.

कार्बोरेटर आपल्याला येतो, याबद्दल कलाबाईंच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. दोघं पारोळ्याकडून सुरतेच्या लिंबायतला आली तेव्हा गुडघाभर चिखलाचे रस्ते होते. साऱ्या गल्लीत फटफटी एकट्या सुकदेवांची, तीही जुनी घेतलेली. आजारी माणूस तिच्यावरून दवाखान्यात जायचा, नवरी तिच्यावरून मांडवात जायची. रविवारी सुकदेव पायरीवर कार्बोरेटर उघडून बसायचे आणि स्क्रू हरवू नयेत म्हणून कलाबाई पदर पसरून समोर बसायच्या. पुराच्या वर्षी गाडीत गाळ गेला, तेव्हा कार्बोरेटरचे सुटे भाग त्यांनी गच्चीवर पापडांशेजारी वाळवले होते. काय ते दिवस! एवढं सगळं आठवत होतं. त्या दिवसांत आपण पदर धरला होता, पान्हा नव्हे, एवढंच तेवढं आठवलं नाही.

तरी सुरुवात झकास झाली. पेट्रोलचा कॉक बंद केला, नळी ओढली, आणि हलणारा दुधाचा दात यावा तसा कार्बोरेटर हातात आला. मागच्या ओट्यावर वर्तमानपत्र पसरून, परातीत थोडं पेट्रोल घेऊन कलाबाई बसल्या. खालचं झाकण उघडलं. आतून निघाला जेट. चवळीच्या दाण्याएवढा पितळी तुकडा, अंगावर बारीक आटे आणि मधून केसाएवढं आरपार भोक. वेग दिला की इंजिन याच भोकातून पेट्रोल पितं. कलाबाईंनी तो धुतला, फुंकला, पदरानं पुसला. असा लखलखला म्हणता! हरवू नये म्हणून त्यांनी तो एका स्टीलच्या वाटीत ठेवला.

तेवढ्यात पुढच्या दारातून आवाज आला, "विहीणबाई! आहात ना घरात?"

सरलाबाई! जेवायला बोलावलेली विहीण चहालाच आली होती!

कलाबाईंनी परात गोणपाटाखाली ढकलली, वाटी उचलली आणि स्वयंपाकघरात ओट्यावर ठेवली. तिथे आधीच दुसरी वाटी होती, मण्याची. दोन्ही वाट्या एकाच सेटमधल्या, जुळ्या बहिणी! ओट्यापाशी नणंद भागीरथीबाई धोंडे भरत होत्या. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. माणूस ओळखायचा तो आवाजावरून.

"आक्का, वाटीत ठेवलंय ते जावयाच्या मोठ्या धोंड्यात घाला!" असं बजावून कलाबाई बाहेर धावल्या.

सरलाबाईंनी बसायच्या आधी नाक वर केलं. "वास कसला हो हा?"

"जायफळाचा!"

"जायफळाचा? मला वाटलं पेट्रोल पंपावरच आले."

"सुरतेत चांगलं जायफळ मिळतंच कुठं, विहीणबाई!"

दुपारी पाट मांडले. सुषमानं औक्षणाचं ताट आणलं, सुकदेवांनी जावयाला टॉवेल-टोपी दिली. हेमराजच्या ताटात तुपात पोहणारा मोठा धोंडा वाढला. त्यानं पहिला घास घेतला.

कटाक!

"आई गं!" हेमराजनं गाल धरला.

सगळे दचकले. कलाबाई मात्र गालात हसत होत्या. मण्याचा एवढा आवाज कसा आला, असं वाटलं खरं, पण म्हटलं, सोनं आहे, वाजणारच! हेमराजनं तोंडातून काहीतरी पिवळं, चमकणारं बाहेर काढलं. ते त्याच्या हातातून सरलाबाईंनी केव्हा उचललं, कुणाला कळलंसुद्धा नाही.

"सोनं! अगं बाई, धोंड्यात सोनं! आणि वजन तरी केवढं!"

"विहीणबाई, त्यात काय एवढं..." कलाबाई लाजल्या.

"आणि घडवलंय किती नाजूक! बघा, आटे पाडलेत. फिरकीचं आहे वाटतं, कानात घालायचं!"

आटे? मण्याला कुठून आटे आले? कलाबाईंनी हातातली तुपाची वाटी खाली ठेवली. "भात आणते," म्हणून त्या आत गेल्या. ओट्यावर एक वाटी रिकामी होती. दुसरीत सोन्याचा मणी जसाच्या तसा!

"आक्का! धोंड्यात काय घातलंत?"

"तूच तं सांगं, वाटीमा शे ते टाक! जी वाटी हातमा उनी, तीमानं टाकी दिन्हं. मन्हा डोयासले काय दिखस, बाई?"

हाताला लागली ती जेटची वाटी! कलाबाईंनी कपाळावर हात मारला. आत्ताच्या आत्ता बाहेर जाऊन सांगून टाकावं, असं ठरवून त्या निघाल्या. तर बाहेर सरलाबाई सुषमाला म्हणत होत्या, "अंगठीवरून मी उगाच बोलत होते हो. माझंच चुकलं. तुझ्या आईचं मन मोठं आहे!"

लग्नापासून ज्या वाक्यासाठी कलाबाई झुरत होत्या, ते वाक्य! आणि ते आलं पितळेवर!

त्यांनी तोंड उघडलं. त्यातून शब्द आले ते हे : "आपली ऐपत ती काय, विहीणबाई, पण जावई म्हणजे देवच की!"

आपलाच आवाज ऐकून त्यांचे कान तापले. सरलाबाईंनी जेट पदराच्या टोकाला बांधून पक्की गाठ मारली. "जाताना सोनाराला दाखवते," म्हणाल्या, "साखळीत घालून घेऊ."

सोनाराला! सोनार कसोटीवर घासणार आणि आपलं नाक त्याच्याबरोबर घासलं जाणार! कसा सोडवायचा तो जेट? कलाबाईंनी एक प्रयत्न करून पाहिला.

"विहीणबाई, त्याला हळदकुंकू लावायचं राहिलं. द्या इकडे जरा."

"राहू द्या हो, घरी गेल्यावर मीच लावते!" सरलाबाईंनी पदर कमरेला आणखी घट्ट खोचला.

जेवणं झाली, विडे झाले. सुषमा माहेरी राहणार होती. "चल मम्मी, तुला गाडीवर घेऊन जातो," म्हणत हेमराज बाहेर गेला आणि पुढच्याच क्षणी त्याची आरोळी आली.

"मामा! मामी! कार्बोरेटर चोरीला गेला!"

बघता बघता गल्ली गोळा झाली. "दिवसाढवळ्या?" "पोलिसांत जा!" "सकाळपासून तो भंगारवाला इथे घोटाळत होता!" आणि नशीब बघा, नेमका तोच भंगारवाला हातगाडी ढकलत कोपऱ्यावरून येत होता. दोघांनी त्याची गाडी अडवली, तिसऱ्यानं कॉलर धरली.

"भाई, कसम से, मैंने कुछ नहीं लिया!" तो बिचारा एकेक पोतं रस्त्यावर उलटं करू लागला. डबे, फुटका कुकर, पंख्याची पाती. सुकदेवांनी बायकोकडे पाहिलं. नजर फिरवली नाही.

विहिणीसमोरची अब्रू एका बाजूला आणि त्या माणसाची कॉलर दुसऱ्या बाजूला.

"सोडा त्याला," कलाबाई म्हणाल्या. आवाज इतका लहान निघाला की पुन्हा म्हणावं लागलं. "सोडा त्याला! कार्बोरेटर मी काढलाय."

"तुम्ही?" हेमराजनं आ वासला.

"साफ करायला. मागच्या ओट्यावर आहे, गोणपाटाखाली."

"मग काही हरकत नाही, मामी! मी बसवतो की!"

"बसणार नाही. जेट नाहीये त्यात."

"कुठे गेला?"

कलाबाईंनी सरलाबाईंच्या पदराच्या गाठीकडे पाहिलं. मग हेमराजनं पाहिलं. मग सुषमानं, सुकदेवांनी, भंगारवाल्यानं, आणि सगळ्या गल्लीनं त्या गाठीकडे पाहिलं.

सरलाबाईंनी सावकाश गाठ सोडली. कलाबाईंनी आतून मणी आणून त्यांच्या दुसऱ्या हातावर ठेवला. "हा घालायचा होता, विहीणबाई. चुकून तो गेला. मला कळलं होतं, तरी मी गप्प बसले."

मणी ज्वारीच्या दाण्याएवढा. सरलाबाईंनी एका तळहाताकडे पाहिलं, मग दुसऱ्याकडे.

"यातलं सोन्याचं कुठलं म्हणालात?"

गल्लीत कुणीतरी फसकन हसलं. कलाबाईंना वाटलं, धरणी नको, निदान समोरची गटार तरी दुभंगावी! सरलाबाईंनी मणी पदराला बांधला आणि जेट मुलाच्या हातात दिला. आणखी एक टोमणा मारला असता तर बरं झालं असतं.

जेटच्या भोकात पुरण गच्च बसलं होतं. कलाबाईंनी पुढे होऊन तो मागून घेतला. निदान एवढं तरी नीट करावं! परातीपाशी बसून त्यांनी तो पेट्रोलमध्ये घोळघोळून धुतला, डोळ्यांत पाणी येईस्तोवर फुंकला आणि बघितलं न बघितलं करून हेमराजच्या हाती दिला. हेमराजनं कार्बोरेटर बसवून किक मारली. पहिल्याच किकला गाडी सुरू! दारात अशी गुरगुरत उभी राहिली की भंगारवाल्यानंही टाळ्या वाजवल्या.

"वा, मामी! एक नंबर!" हेमराज म्हणाला. सरलाबाईसुद्धा मागे बसता बसता किंचित हसल्या. कलाबाईंची मान जरा वर आली. गाडी निघाली. सुकदेव रस्त्यावर जाऊन हात हलवू लागले.

आणि कलाबाईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. गूळ! गूळ विरघळतो तो पाण्यात, पेट्रोलात नाही! साध्या कोमट पाण्यात टाकला असता तर जेट मोकळा झाला असता. उभा जन्म पुरण घाटलेल्या बाईला हे आत्ता सुचावं!

जोराची रेस दिल्याचा आवाज आला. मग फट्, फट्, फुर्र... आणि शांत.

"अगं ए!" सुकदेव रस्त्यावरून ओरडले, "कोपऱ्यावर बंद पडली वाटतं जावयाची गाडी! विहीणबाई उतरल्या! इकडेच बघतायत!"

कलाबाईंनी घाईघाईनं दार लोटलं आणि आतून कडी घातली. नवरा बाहेरच राहिला, हे त्यांच्या लक्षात आलं होतं. पण आता कडी काढायला पुढे जाणार कोण!