उष्टा डबा

माझ्या लेकीच्या वेबसाइटचा डबा उष्टा येतोय, हे मी गल्लीत दारोदार सांगितलं, पण एकीनंही विश्वास ठेवला नाही. शेजारची कल्पना तर म्हणाली, "हौसाताई, फीड कधी उष्टं असतं का? वय झालं तुमचं."

वय तिचंही झालंय. ती केस काळे करते, मी करत नाही, एवढाच फरक.

ज्यांच्याकडे फीड नाही त्यांच्यासाठी सांगते. पूर्वी आवडीच्या साइटवर काय नवीन आलं हे बघायला आपणच जायचं. दहा साइट असतील तर दहा ठिकाणी, आणि निम्म्या ठिकाणी कालचंच. फीड लावलं की हेलपाटे संपले. फीडच्या कचेरीत साइटचं नाव एकदा लिहून द्यायचं. जिच्याकडे नवीन काही असेल, तिचा स्टीलचा डबा सकाळी सातला आपल्या दारात. झाकण काढलं की डबा बोलतो. नवीन नसेल तर डबा येत नाही. ऐकून झालं की विसळून संध्याकाळी परत द्यायचा.

माझे तीन डबे. एक ब्लाउजच्या गळ्यांचा, कारण मी शिवते. एक रांगोळीचा. आणि एक पल्लवीचा. पल्लवी माझी मुलगी, कॅनडात असते. फोनवर महिन्यातून एकदा "बरी आहे, जेवले, ठेवते" एवढंच बोलते. साइटवर मात्र सगळं लिहायची. बर्फात पाय घसरला. भाकरी थापत होते तर खालच्या बाईनं पोलीस बोलावले. मला तिची खरी खबर त्या डब्यातनंच.

संक्रांतीनंतर एका सकाळी डबा म्हणाला, "शेवग्याला शेंगा लागल्या." मला बरं वाटलं. दुसऱ्या दिवशी म्हणाला, "गुडघा ठणकतोय." तिसऱ्या दिवशी म्हणाला, "मांजर परत आलं नाही." तेव्हा मी हातातली कात्री खाली ठेवली. गुडघा माझा. मांजर माझं. शेवगा माझ्या परसात, आणि बर्फात शेवगा होत नाही एवढं चौथी पास बाईलाही कळतं.

"आईवर गेली असेल," कल्पना म्हणाली.

डबे आणतात ते गुलाबभाई मुल्ला. त्यांना अडवून धरलं.

"भाभी, मी झाकण काढत नाही," ते म्हणाले. "साइटच्या दारात डबा जड लागला तर उचलतो, हलका लागला तर ठेवतो. एवढंच माझं काम."

मग मी डबा घेतला, गुलाबभाईंना घेतलं आणि फीडच्या कचेरीत गेले. तिथल्या घोरपडे मॅडमच्या टेबलावर डबा ठेवून झाकण काढलं. डबा म्हणाला, "आज कुणी आलं नाही."

कचेरीतले सगळे माझ्याकडे बघायला लागले.

"हे कुणाचं?" मॅडमनी विचारलं.

"माझं. कालचं."

"तुमचं आत गेलं कसं?"

"मी घातलं."

"का?"

"रिकामा डबा परत देतात का कुणी? तुमच्या आईनं शिकवलं नाही? गळ्यांच्या न् रांगोळीच्या डब्यात मी चिमूटभर साखर घालते. पोटच्या लेकीला साखरेवर कशी बोळवू? तिच्या डब्यात तोंड घालून दोन शब्द बोलते न् झाकण लावते."

मॅडमनी रजिस्टर ओढलं. "बाई, फीड एकाच बाजूनं चालतं. परतीचा डबा साइटच्या दाराशी ठेवतात. तिकडं नवीन लिहिलं की तो उघडायचा, घासायचा, भरायचा. तुमच्या मुलीनं संक्रांतीपासून काही लिहिलेलंच नाही. डबा होता तसा दाराशी. जड होता, म्हणून मुल्लांनी उचलला."

"म्हणजे तिनं उघडलाच नाही?"

"झाकण निघाल्याची नोंद नाही."

मी "बरं" म्हटलं. डब्याला झाकण लावलं.

"आता दोषी कोण ते लिहावं लागेल," मॅडम म्हणाल्या. "रकाना कोरा ठेवता येत नाही. मुल्लांचं नाव घातलं तर त्यांची फेरी जाते. मुलीचं घातलं तर तिची साइट यादीतून कायमची उतरते. पुढं तिनं कितीही लिहिलं तरी तुम्हाला डबा येणार नाही."

"आणि माझं?"

"तुम्हाला फक्त ताकीद. यापुढं डबा रिकामा द्यायचा. निकाल रीतीप्रमाणे मुलीच्याच साइटवर लागेल."

"भाभी, माझं घाला," गुलाबभाई म्हणाले. "तसेही पाय दुखतात माझे."

"गप बसा. दुखणं माझं जगजाहीर झालंय, तुमचं नाही." मी सही केली. सही मला छान येते.

संध्याकाळी पल्लवीचा डबा घासला, पुसला आणि रिकामा दिला. गुलाबभाईंनी तो हातात तोलून बघितला.

"साखरपण नाही?"

"नाही."

चार दिवस गळ्यांचा आला, रांगोळीचा आला. पल्लवीचा नाही. मांजर परत आलं होतं, पण ते सांगायला डबा नव्हता. कल्पनाला सांगितलं तर ती म्हणाली, "येणारच, मांजरच ते."

पाचव्या दिवशी गुलाबभाई कोपऱ्यावरूनच ओरडले, "भाभी! पल्लवीचा! जड आहे!"

माझ्या तोंडात टाचण्या होत्या. त्या तशाच धरून मी धावले. कल्पनाही बाहेर आली. उंबऱ्यावर बसून मी पदराला हात पुसले आणि झाकण काढलं.

डबा खाकरला आणि शाळेत हजेरी घ्यावी तशा आवाजात म्हणाला, "या साइटवर नवीन एक. डबा रिकामा परत न दिल्याबाबत निकाल. दोषी, हौसाबाई तुकाराम शिंगटे."