‘या, बसा’ची चौकशी

मुलांनी विचारलेल्या ‘हे कुठून आलं?’ या प्रश्नांची उत्तरं आणायला नगरपालिकेची बस रोज सकाळी सव्वानऊला मागच्या वर्षांत जात असे. उगम विभागाचे सदाशिव कानडे एकोणीस वर्षं त्या बसने जात होते. गोष्ट ज्या वर्षी, ज्या दारात सुरू झाली तिथेच उतरायचं, पाहायचं, लिहून घ्यायचं आणि त्याच बसने परतायचं, असा नियम होता. मध्ये कुठेही उतरायला परवानगी नव्हती.

कानड्यांची बायको कुमुद अकरा वर्षांपूर्वी वारली. तेव्हापासून ते डावीकडच्या खिडकीशी बसत. प्रश्न सुईचा असो की जिलेबीचा, बस त्यांच्या साळी गल्लीतल्या जुन्या घरावरूनच जाई. कुमुद कधी ओट्यावर बसलेली असे, कधी दोरीवरचे कपडे काढत असे. एवढं दिसेपर्यंत बस त्याच्या आधीच्या वर्षात शिरे. इथे बस जरा हळू घ्या, असं त्यांनी एकदा चालकाला सुचवलं होतं. चालकाने ते लेखी मागितलं. कानड्यांनी दिलं नाही.

मार्चमध्ये रेवा लोखंडे, इयत्ता तिसरी, हिचा अर्ज आला. गेलेली वीज परत आली की साळी गल्लीत सगळे ‘या, बसा’ म्हणतात. ते कुणी सुरू केलं, असं तिने विचारलं होतं. कानडेही तसं म्हणत. का, ते त्यांना ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बस अठ्ठावीस वर्षं मागे जाऊन थांबली. वाहक म्हणाला, “साहेब, उतरा. वीस मिनिटं आहेत.”

समोर त्यांचंच घर होतं.

वीज गेलेली होती. शेजारची मुलं गोट्या खेळत होती आणि कुमुद ओट्यावर मेथी निवडत होती. ती एकोणतीस वर्षांची होती, कानडे सत्तावन्नचे. ओळख द्यायला मनाई होती. नगरपालिकेतून आलोय, एवढंच ते म्हणाले आणि उभे राहिले.

तिने त्यांच्याकडे बराच वेळ पाहिलं. “तुम्ही आमच्या ह्यांच्या नात्यातले का? कपाळ अगदी तसंच आहे.”

“लांबचा आहे.”

“मग उन्हात का उभे? या, बसा.”

त्याच क्षणी घरातला पंखा फिरू लागला. काकू विजेलाच बोलल्या असं मुलांना वाटलं, आणि ती ‘या, बसा’ ओरडत, खिदळत गल्लीभर पळाली.

कानड्यांनी वेळ टिपून घेतली. काम संपलं होतं आणि सोळा मिनिटं उरली होती. ते बसले. कुमुदने गूळपाणी दिलं. आमचे हे साडेपाचला येतील, तुम्हाला भेटून त्यांना बरं वाटेल, असं ती म्हणाली. कानड्यांनी मेथीची एक जुडी आपल्याकडे ओढली आणि पानं खुडायला घेतली. ती हसली. आमचे हे असे कधी बसत नाहीत, सारखे घाईत असतात, असं तिने सांगितलं. कानड्यांनी ते लिहून घेतलं नाही. जुडी अर्धी झाली तेव्हा बसचा हॉर्न वाजला.

रेवा उत्तर घ्यायला आली तेव्हा त्यांनी तिला अहवाल वाचून दाखवला: हे कुणी सुरू केलं ते विचारायला एक माणूस दारात आला, त्याला घरच्या बाईंनी ‘या, बसा’ म्हटलं आणि तेव्हाच वीज आली.

रेवाने विचार केला. “म्हणजे मी विचारलं म्हणून.”

“हो.”

ते तिला पटलं. तिने सही केली. मग तिने विचारलं, “त्या काकू आता कुठे आहेत?”

आपला विभाग फक्त ‘कुठून आलं’ एवढंच पाहतो, असं कानड्यांनी तिला समजावलं. कुठे गेलं, ते वरच्या मजल्यावर विचारावं लागतं. आपण अकरा वर्षांपूर्वी तिथे अर्ज दिला आहे, अजून उत्तर नाही, हेही त्यांनी सांगितलं.

रेवा म्हणाली, मीही देते. त्यांनी तिला कोरा अर्ज काढून दिला. पहिल्या ओळीशी ती थांबली.

“काकूंचं नाव काय?”

कानड्यांनी सावकाश, एकेक अक्षर सुटं करून सांगितलं, आणि रेवाने तसंच लिहिलं: कुमुद सदाशिव कानडे.