समोरचे बुवा

श्रुतिकाने कपाटाच्या वरच्या खणातून ती सीडी काढली आणि मधुकर बुवा खुर्चीतून अर्धवट उठले. सीडीवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'डबलबारी, दहिसर, २००४'.

"बाबा, हाच ना तो तुमचा सामना?"

हाच तो. डबलबारीत दोन बुवा पेटी घेऊन समोरासमोर बसतात आणि भजनातून एकमेकांना प्रश्न टाकतात. त्या दिवशी मधुकर बुवांनी असा प्रश्न टाकला, की दहिसरचे धोंडूबुवा अर्ध्या गजरात अडकले आणि "पेटी बिघडली, पेटी बदला!" असं ओरडू लागले. ही हकिकत मुलुंडच्या त्या सोसायटीत वीस वर्षं चालली होती आणि तिच्यातला शब्द न् शब्द खरा होता. फक्त प्रश्न टाकणारे धोंडूबुवा होते आणि पेटी बिघडली होती ती मधुकर बुवांची. तीही बिघडली नव्हतीच. उत्तर त्यांना दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना आठवलं.

आणि नेमके आजच सोसायटीचे सेक्रेटरी नाना घरी आले होते. यंदा गणपतीत बुवांचा सत्कार करायचा असं ठरत होतं.

"मग ऐकूया की!" नाना सरसावून बसले. "वीस वर्षं नुसतं ऐकतोय, आता खरोखर ऐकू."

"लावणार कशावर?" बुवा घाईने म्हणाले. "सीडी लावायला आहे काय घरात?"

"माझा कॉलेजचा कॉम्प्युटर आहे ना," श्रुतिका म्हणाली. लग्न होऊन ती ठाण्याला गेली, पण कॉम्प्युटर माहेरीच राहिला होता. बुवांच्या बायकोने, मालनबाईंनी, त्याच्यावर फुलाफुलांचं कव्हर घातलं होतं आणि कव्हरावर पापडांचा डबा ठेवला होता.

"तो मेला कधीच."

"मेला नाही हो, झोपलाय." तिने डबा उचलला आणि बटण दाबलं. कॉम्प्युटर घरघरला, खोकल्यासारखा आवाज करून थांबला, परत घरघरला आणि पाच मिनिटांनी ढँणण करून सुरू झाला. स्पीकर धडधाकट होते.

सीडी आत गेली. पडद्यावर सूचना आली, 'डिस्क टाका'.

"टाकली की मेल्या!" मालनबाई पडद्यावर खेकसल्या.

बुवांना देव पावल्यासारखं वाटलं. पण श्रुतिकाने सीडी बाहेर काढून उजेडात धरली. "धूळ आहे. पुसायला हवी."

"आण इकडे, मी पुसतो," बुवा तत्परतेने म्हणाले. चांगला एखादा ओरखडा पडावा या शुद्ध हेतूने त्यांनी ती लेंग्यावर खसाखसा घासली. वीस वर्षांचा मळ निघाला, सीडी लखलखली. या खेपेला कॉम्प्युटरने ती झटक्यात ओळखली. पडद्यावर सेकंद धावू लागले, एक, दोन, तीन. आवाज मात्र शून्य.

"अरेरे," बुवा म्हणाले. "चला, चहा घेऊ."

"थांबा ना बाबा." श्रुतिका आवाजाच्या सगळ्या पट्ट्या वरखाली करून बघत होती. "सुरू होताना वाजला ना? मग स्पीकर ठीक आहेत. जुन्या मशीनमध्ये सीडीचा आवाज वेगळ्या बारीक वायरीतून येतो. आतून बघावं लागेल."

कॉम्प्युटर बंद झाला, झाकण उघडलं. नानांनी मोबाइलचा टॉर्च धरला. आत मुठीएवढी धूळ आणि एक वाळलेली पाल निघाली.

"मी बघतो," म्हणत बुवांनी हात घातला.

"अहो, शॉक लागात हां!" मालनबाई ओरडल्या. अशा वेळी त्यांच्या तोंडून कणकवलीच बोलायची.

बारीक वायर बुवांना सापडली. तिचं टोक एका खाचेत बसलेलं होतं आणि शेजारी हुबेहूब तशीच दुसरी खाच रिकामी होती. बुवांनी अंगाने आडोसा केला, वायर उपटली आणि गुपचूप त्या रिकाम्या खाचेत खोचली. आता शोध म्हणावं!

मशीन सुरू झालं आणि क्षणात पखवाज कडाडला.

"बाबा! काय केलंत तुम्ही?"

"काही नाही गं," बुवा म्हणाले आणि हे मात्र त्यांनी अगदी मनापासून म्हटलं. वायर इतकी वर्षं चुकीच्या खाचेत होती. ती योग्य जागी बसवणारा तंत्रज्ञ घाम पुसत खुर्चीत बसला.

रेकॉर्डिंग करणाऱ्याने सुरुवातीची घोषणा गाळली होती. आणि डबलबारीत तोंडावर नाव घेणं त्या दोघांनाही कमीपणाचं वाटे. त्यामुळे दोघंही एकमेकांना 'समोरचे बुवा' म्हणत होते. एक आवाज पहाडी होता. दुसरा चिरका, घाईतला. पहाडी आवाजाने प्रश्न टाकला. चिरका आवाज अडखळला, थांबला आणि किंचाळला, "पेटी बदला!"

नानांनी मांडीवर थाप मारली. "अडकला! धोंडूबुवा अडकला! जसं सांगता तसंच हो बुवा!"

बुवांचा जीव भांड्यात पडला. तो जेमतेम दोन मिनिटं तिथे राहिला.

"बाबा, काय आवाज होता तुमचा!" पहाडी आवाज ऐकत श्रुतिका म्हणाली. "आणि हा दुसरा. शी! याला बुवा कोणी केलं?"

"पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा गातोय," नाना म्हणाले.

"तेव्हा सर्दी होती," बुवा पुटपुटले.

"कोणाला?"

"त्याला."

"सर्दी कसली? सूरच नाही त्याच्यात. लाज नाही वाटली याला तुमच्यासमोर बसायला?" आणि नानांनी चिरक्या आवाजाची हुबेहूब नक्कल केली. मालनबाई डोळ्यांना पाणी येईस्तोवर हसल्या. इतक्या वर्षांचा संसार, पण नवऱ्याचा आवाज त्यांना ओळखता येईना. हे मात्र बुवांना सोसवलं नाही.

"तो मी आहे!" ते ओरडले. "तो चिरका मी! हरलो मी! बास?"

मग नाना उठले आणि त्यांनी बुवांचे दोन्ही हात हातात घेतले.

"केवढं मन आहे तुमचं, बुवा! समोरच्याला कोणी नावं ठेवली तर ती स्वतःवर घेता?"

"मन नाही हो! खरंच हरलो!"

"बाबा, पुरे आता," श्रुतिका गहिवरून म्हणाली.

"मग विचारा धोंडूबुवांनाच! नंबर आहे माझ्याकडे!" बुवांनी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. सकाळपासून एकही यंत्र वाजू नये म्हणून त्यांनी देवाला साकडं घातलं होतं. आता हे एवढं एक तरी वाजू दे, म्हणून ते फोनकडे बघत राहिले.

"आपण डायल केलेला क्रमांक सध्या संपर्कक्षेत्राच्या बाहेर आहे," बाई गोड आवाजात म्हणाली.

"गावाला गेले असतील," नाना म्हणाले. "बरंच झालं. म्हाताऱ्याच्या जखमेवर मीठ कशाला? त्यापेक्षा सत्काराला बोलावू त्यांना. तुमच्याच हातून उत्तेजनार्थ बक्षीस देऊ."

बुवांनी पुन्हा नंबर लावला.