पवारकाकूंचं लायसँडर

समोरच्या फ्लॅटमधल्या पवारकाकू कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिचं वजन करत. मी हडपसरला राहायला गेलो तेव्हा शेजारधर्म म्हणून संत्रा बर्फीचा डबा घेऊन त्यांच्या दारात उभा राहिलो. काकूंनी डबा घेतला, आत नेऊन छोट्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवला आणि तिथूनच विचारलं, "दुकानदाराने डबा धरून दिलीय की सोडून?"

"माहीत नाही काकू. अंदाजे अर्धा किलो असेल."

"अंदाजे म्हणजे काय?"

माझं पुण्यातलं शिक्षण इथून सुरू झालं. मी मूळचा अमरावतीचा, खराडीतल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत नुकताच लागलेला. माझं नाव मी काकूंना दोनदा सांगितलं, पण ते लक्षात ठेवण्याजोगं त्यांना वाटलं नसावं. त्या मला कायम 'अमरावती' म्हणत. "अहो अमरावती, जिन्यातली ही चपलांची जत्रा आपली का?"

त्यांच्या जेवणाच्या टेबलावर कोणी जेवत नसे. त्यावर विमानाचा पंख होता. दोन्ही टोकांनी टेबलाबाहेर आलेला, पांढऱ्या हलक्या लाकडाच्या फासळ्यांचा. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला तो माशाचा सांगाडा वाटला आणि मी तसं बोललोही. काकू म्हणाल्या, "अमरावतीला समुद्र नाही. चालायचंच."

ते दुसऱ्या महायुद्धातलं लायसँडर नावाचं विमान होतं, म्हणजे त्याची छोटी प्रतिकृती, खरोखर उडणारी. काकूंनी तिचं डिझाइन स्वतः केलं होतं. हडपसरच्याच एका कारखान्यात त्यांनी सारी नोकरी ड्रॉइंग विभागात केली. मग बाजार खुला झाला, कंपनीत परदेशी भांडवल आणि पाठोपाठ कॉम्प्युटर आले, आणि अख्ख्या ड्रॉइंग विभागाला स्वेच्छानिवृत्ती मिळाली. "स्वेच्छा त्यांची, निवृत्ती आमची," असं काकू म्हणत. निरोपाला कंपनी चांदीची वाटी देत होती. काकूंनी वाटी परत केली आणि आपला ड्रॉइंग बोर्ड मागून घेतला. तो टेम्पोत घालून घरी आणला आणि बेडरूममध्ये कपाटाच्या जागी लावला. कपाट गॅलरीत गेलं.

मी एकदा उत्साहाने लॅपटॉप घेऊन गेलो आणि त्यावर विमान कसं सगळ्या बाजूंनी फिरवून बघता येतं ते दाखवलं. काकूंनी चष्मा लावून मन लावून पाहिलं.

"छान आहे. वजन किती?"

"याला वजन नसतं काकू, हे चित्र आहे."

"मग हे उडेलच," त्या म्हणाल्या आणि पुन्हा ब्लेड हातात घेतलं.

त्यांच्या हातात ते ब्लेड बघत बसणं हा माझा रविवारचा उद्योग झाला. या विमानाचा पंख मोठा तऱ्हेवाईक. अंगाजवळ अरुंद, मध्ये रुंद, टोकाला पुन्हा निमुळता. त्यामुळे एका पंखातल्या कुठल्याच दोन फासळ्या सारख्या नाहीत. काकू प्रत्येक फासळी वेगळी काढत, वेगळी कापत, काट्यावर ठेवत आणि केसाएवढी जड भरली की पॉलिश पेपरने घासत बसत. लाकूड निवडायला त्या काटा पिशवीत घालून दुकानात जायच्या. त्या दिसल्या की दुकानदार चहाला बाहेर पडायचा, असं मी ऐकून होतो. पंख पुरा झाला तेव्हा त्यांनी तो माझ्या हातावर ठेवला. माझे हात आपोआप वर गेले, कारण मी जेवढ्या ओझ्याची तयारी केली होती तेवढं ओझं तिथे नव्हतंच. एका बाईने जेवणाच्या टेबलावर बसून ही वस्तू केली, हेच मला खरं वाटत नव्हतं.

इंजिनाभोवतीचं गोल आवरण मात्र लाकडाचं चालणार नव्हतं. ते पातळ पत्र्यातून ठोकून घ्यायला आम्ही कसबा पेठेत तांबटाकडे गेलो. काकूंचं माहेरच कसब्यातलं, त्यामुळे तिथे त्या बोळातून बोळात मालकिणीसारख्या शिरत होत्या. तांबटाने ड्रॉइंग उलटसुलट करून पाहिलं.

"काकू, बिनबुडाचं पातेलं कशाला हवंय?"

"उडवायला."

तांबटाने पुढे न विचारता मापं उतरवून घेतली. पुण्यात खरं सांगितलं तरी तो टोमणाच समजला जातो, हा त्याचा एक फायदा आहे.

काकूंचे यजमान नाना हे लोहगावच्या शेतकरी घरातले. कसब्यातून लोहगावला त्या काळी बसने तासभर लागे. बाकी सगळ्या हिशेबाने ते अंतर बरंच जास्त होतं. नाना त्याच कारखान्यात फिटर. एकदा ते ड्रॉइंगमधली चूक दाखवायला काकूंच्या टेबलापाशी गेले. चूक नव्हती. तरी दुसऱ्या दिवसापासून ते रोज चुका दाखवायला जाऊ लागले आणि कसब्यात काय व्हायचं ते झालं.

नाना दिवसभर गॅलरीत, कपाटाशेजारी रेडिओ ऐकत बसायचे. बोलताना ते आपल्याकडे बघायचे नाहीत. आपल्या कानाच्याही पलीकडे, भिंतीकडे बघायचे. मला वाटायचं, भिडस्त असतील.

"लोक इतकी देखणी लढाऊ विमानं करतात," मी एकदा काकूंना म्हणालो. "तुम्ही हे फेंगडं का निवडलंत?"

"देखणं एक आहे घरात, पुरे झालं," त्या म्हणाल्या.

गॅलरीतून नाना हसले. "लहानपणी बघितलंय मी ते. युद्ध चालू व्हतं तवा आमच्या शेतावरनं रोज जायचं. पोटाला काळे-पिवळे पट्टे, आन् मागं दोरीला बांधलेली कापडाची लांब पिशवी. खालनं शिपाई त्या पिशवीवर गोळ्या झाडायचे, नेम शिकायला. आमी पोरं म्हणायचो, गांधीलमाशी आली! आन् जनावरं सोडून पळायचो मागं."

काकू फासळी घासत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

उडवायलाही त्या स्वतःच शिकल्या. सरावासाठी एक साधं विमान घेतलं आणि ते बऱ्याचदा आपटलं. एकदा मी त्यांना रिक्षातून उतरताना पाहिलं, मांडीवर भाजीची पिशवी आणि तिच्यातून विमानाचं शेपूट बाहेर आलेलं. "आज भाजी महाग होती," एवढंच बोलून त्या जिना चढल्या. पण एरवी इतक्या चिकाटीने काम करणाऱ्या काकूंना आता घाई झालेली दिसत होती. रंग वाळायच्या आत पुढचा हात मारायच्या. मी म्हणालो, "काकू, दिवाळीनंतर उडवू की, हवा छान असते." त्यांनी नुसतं "नको" म्हटलं. त्या 'नको'ला नेहमीची धार नव्हती.

मांजरी गावाच्या पुढे एक पडीक रान होतं. रविवारी सकाळी आम्ही तिघं तिथे गेलो. नदीपलीकडे खराडीतल्या काचेच्या इमारती चमकत होत्या. काकूंनी नानांना घडीच्या खुर्चीत बसवलं, टोपी नीट केली. माझ्या हातात विमान दिलं. "रिमोट कुठे ठेवू?" मी विचारलं. "रिमोट टीव्हीचा. हा ट्रान्समीटर," असं म्हणून त्यांनी तो गळ्यात अडकवला.

मी विमान गवतावर टेकवून धरलं, इंजिन सुरू झालं आणि मी हात सोडला. ते गवतावरून जेमतेम चार उड्या मारून उचललं गेलं. मी तोवर पायलटांच्या गोष्टी खूप ऐकल्या होत्या, पण माझ्या डोळ्यांदेखत कागदावरच्या रेघा हवेत गेल्याचं कधी पाहिलं नव्हतं. सावकाश, एखाद्या पोक्त माणसासारखं वळण घेत ते आमच्यावरून गेलं, काळ्या-पिवळ्या पट्ट्यांचं पोट दाखवत. मी वळून नानांकडे पाहिलं तर ते भलतीकडेच तोंड करून बसलेले.

"काकू, नाना बघतच नाहीयेत!"

"बघतायत," काकू विमानावरची नजर न काढता म्हणाल्या. "डोळ्यांचा मधला भाग गेलाय त्यांच्या. समोरचं दिसत नाही, कडेचं थोडं दिसतं. ठळक असेल तर आणि हळू असेल तर. दिवाळीपर्यंत तेही राहील असं डॉक्टर सांगत नाहीत." विमान वळवत म्हणाल्या, "कोणाला सांगायचं नाही म्हणतात. कीव नको असते त्यांना."

आणि त्यांनी ते विमान नानांच्या डाव्या अंगाने, पुन्हा पुन्हा, अगदी खालून नेलं. प्रत्येक वेळी नानांचा चेहरा उजळायचा. "आली! सुलभे, आली गांधीलमाशी!" सत्तरीकडे आलेला माणूस खुर्चीत बसून टाळ्या वाजवत होता.

मग वर असतानाच इंजिन बंद पडलं. एकदम शांतता. काकूंचे ओठ घट्ट मिटले. विमान आवाज न करता खाली खाली आलं, बाभळींना जेमतेम चुकवून दूर गवतात टेकलं. धडधाकट. मी ओरडणार तोच नाना खुर्चीतून उठले.

"इंजिन बंद केलंस व्हय? झकास! आता नुस्तं तरंगतंय बघ." त्यांनी हात वर केला होता. त्या दिशेला आभाळात एक घार फिरत होती.

मी काकूंकडे पाहिलं. काकूंनी गवतातल्या विमानाकडे पाहिलं, मग घारीकडे, मग नानांकडे.

"दिसतंय ना?" त्यांनी विचारलं.

"दिसतंय तर! वळीव की आता. लोहगावाच्या अंगाला वळीव."

काकूंनी ट्रान्समीटर पुन्हा नीट धरला आणि अंगठे हलवले. दूर गवतात उभ्या विमानाच्या शेपटाची पट्टी डावीकडे झाली.

वर घारीने पंख कलते केले.

"वळलं!" नाना म्हणाले.