खुलाशावर खुलासा

"काका, लोक तुमच्या ब्लॉगवर काय शोधत येतात, बघायचंय?" पुतणीने विचारलं आणि निवृत्त ऑडिटरसाहेबांनी लगेच खुर्ची पुढे ओढली. वर्षभर ते जीवन, मृत्यू आणि काळ यांवर लिहीत होते. महिन्याला सहाशे वाचक! हा आकडा त्यांनी दूधवाल्यापासून व्याह्यांपर्यंत सगळ्यांना ऐकवला होता.

पुतणीने पान उघडलं. सगळ्यात वर होतं, 'बायको घोरते काय करावे'. त्याखाली 'बायको घोरते घरगुती उपाय'. त्याखाली 'बायको घोरते घटस्फोट मिळतो का'.

"हे माझे वाचक?" साहेब ओरडले. "मृत्यूवर बारा लेख लिहिलेत मी! मृत्यू कुणी शोधत नाही?"

"शोधत असतील काका. पण तुमच्याकडे येत नाहीत."

घात केला होता एका वाक्याने. काळावरच्या लेखात त्यांनी लिहिलं होतं, 'काळाला आरंभ नाही, अंत नाही; माझी बायको घोरते तेव्हा हे विशेष जाणवतं.'

"काढून टाका ना ते वाक्य."

"खाडाखोड? ऑडिटर एकदा मारलेला शेरा खोडत नाही. खुलासा जोडतो!"

आणि त्यांनी तिथल्या तिथे खुलासा ठोकला. मथळा : 'बायको घोरते म्हणून येथे येणाऱ्यांस सक्त ताकीद'. बायको घोरते हा या ब्लॉगचा विषय नाही, बायको घोरते असं शोधणाऱ्यांनी दुसरीकडे जावं, असं प्रत्येक परिच्छेदात बजावलं. आठवड्यात वाचक तिप्पट झाले. साहेबांचा पारा चढला. त्यांनी खुलाशाचा खुलासा लिहिला. मग एका उशीवाल्याचा फोन आला, "साहेब, आमच्या उशीबद्दल दोन शब्द टाकाल का?"

इथवर साहेबांच्या बायकोला, म्हणजे बाईंना, पत्ता नव्हता. तो जाऊबाईंनी फोन करून दिला. "अगं, तुझ्या घोरण्यावर तीन-तीन लेख आलेत म्हणे! नशीबवान आहेस. आमच्या ह्यांनी चिठ्ठीसुद्धा लिहिली नाही कधी."

फोन ठेवून बाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहिल्या. "अहो, इकडे या. मी घोरते?"

"तसं नव्हे, काळाच्या संदर्भात..."

"काळ गेला खड्ड्यात! तुमच्या घोरण्याने मी रात्रभर टक्क जागी असते. जागं माणूस घोरेल कसं? सांगा ना!"

युक्तिवादात ऑडिटरलाही खोट सापडेना.

"बसा. मी सांगते ते लिहा."

"माझ्या ब्लॉगवर?"

"मग काय शेजाऱ्यांच्या?"

बाई ओट्याशी भांडी आदळत सांगत गेल्या, साहेब दात-ओठ खात टाइप करत गेले. लेखाचं नाव, 'घोरतो तो नवरा'. दुसऱ्या दिवशी खाली प्रतिक्रियांची रीघ लागली. 'ताई, अगदी मनातलं बोललात!' 'ताई, आमचे हे शिट्टी पण वाजवतात.' 'ताई, मधेमधे ते काळ-बिळ कोण लिहितं? बंद करा.'

"ब्लॉग माझा आणि म्हणे ताई!" साहेब घरभर फिरत पुटपुटायचे. व्याह्यांना आकडा सांगणं त्यांनी सोडूनच दिलं. आपलं लिहिणं वाचावं असं एकाही माणसाला वाटत नाही, हे आता शोधांच्या त्या पानानेच पांढऱ्यावर काळं केलं होतं.

आणि एका सकाळी त्या पानाच्या तळाशी एक ओळ दिसली. 'शून्याची शिल्लक एक चिंतन'. वाचक एक. त्यांच्याच लेखाचं पूर्ण नाव कुणीतरी टाइप करून शोधलं होतं!

"अगं, ऐकलंस का?" साहेब खुर्चीतूनच ओरडले. "एक तरी खरा वाचक निघाला! चिंतन वाचायला आला!"

"मीच ती," बाई भाजी निवडता निवडता म्हणाल्या. "काल दुपारी झोप येत नव्हती."

"मग?"

"दुसऱ्या परिच्छेदाला गाढ लागली. गोळी नको, काही नको. जाऊबाईंनाही सांगितलंय."

साहेब ताडकन उठले. अपमानाची काही सीमा! तोंड उघडता उघडता त्यांची नजर पडद्यावर गेली. एकाचे सात झाले होते.

ते पुन्हा खाली बसले. खुर्ची पुढे ओढली, चष्मा पुसला आणि कुणाला न सांगता दुसरा परिच्छेद जरा लांबवायला घेतला.